मागच्या सीटवरून ऐकलेला वारा

अण्णा, भेटायला येणारी माणसं बसतात, पाणी पितात, तुझ्या फोटोकडे बघतात आणि मग आवाज खाली आणून मला, तुझ्या धाकट्या बहिणीला, विचारतात, ‘विमानातनं पडले व्हय?’

मी सांगते, न्हाय, न्यूमोनिया झाला. त्यांचा विश्वास बसत नाही. काहींच्या चेहऱ्यावर तर थोडी निराशाच दिसते. परवा तुझ्या ओळखीचे ते सूतवाले मामा आले होते, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘खरं सांगा बाई, आमी कुणाला सांगणार न्हाय.’ मला हसू आलं, आणि हसता हसता असं रडू फुटलं की मामाच घाबरले. त्यांचं चुकलं नव्हतं, अण्णा. इतकी वर्षं मीसुद्धा तुझं मरण तिथंच बघत आले होते, निपाणीच्या त्या माळावर, वर, घारींच्या उंचीवर. माझं सगळं लक्ष तिकडे. आणि ते आलं समोरच्या दारातून, पावसात भिजून आल्यावर येतो तसल्या साध्या तापातून. मी चुकीच्या दिशेला पहारा देत बसले होते.

तू म्हणायचास, ‘शाळेतलं बोलू नको मंगे.’ आयुष्यभर पोरींना मराठी शिकवून माझी जीभ तशीच वळली आहे. तर आता तसंच ऐकून घे. तसंही तुला माझं निम्मंच ऐकू यायचं.

ते मागांमुळे. वडगावातल्या आपल्या घरात खालच्या मजल्यावर पॉवरलूम आणि वरच्या मजल्यावर आपण. मी शाळेला, मग कॉलेजला, मग नोकरी लागल्यावर टिळकवाडीत फ्लॅटमध्ये पळाले. तू मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या खटखटीत उभा राहिलास. एका मागाचा आवाज सहन होतो. ओळीनं सगळे चालू झाले की माणूस बोलणं सोडून हातवारे करायला लागतो. आई तेवढी त्या आवाजावरनं हाक मारू शकायची. जिन्यातनं ‘वसंताऽ’ म्हणून ओरडली की माग थांबल्यासारखे वाटायचे. हळूहळू तुझे कान गेले. पूर्ण नाही. जाड आवाज यायचे, बारीक आवाज यायचे नाहीत. पाखरं, कुकरची शिट्टी, फोनची रिंग हे सगळं तुझ्या आयुष्यातून निघून गेलं आणि तू कुणाला कळूही दिलं नाहीस. लोक तुला शिष्ट समजायचे. कुणी काही बोललं की तू नुसता मान हलवायचास.

म्हणून तू एके दिवशी माझ्या फ्लॅटवर येऊन, चप्पलही न काढता फोन पुढे केलास, तेव्हा मला वाटलं कानाच्या मशीनचं काही असेल.

‘मंगे, हे बघ.’

फोटोत एक गोठा होता. गोठ्यात ताडपत्रीखालून ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि पांढऱ्या कापडाचा एक लांबच लांब पंख बाहेर आलेला.

‘काय हाय हे?’

‘विमान.’

‘कुणाचं?’

‘माझं व्हणार.’

मी तुझ्याकडे बघत राहिले. साठीला टेकलेला माणूस, ज्याला स्कूटरवरून खडेबाजारातनं जाताना घाम फुटतो, जो शिडीवर चढून बल्ब बदलायला शेजारच्याला बोलावतो. तू लहानपणापासून भित्रा होतास. हे बाहेरच्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं तू धाडसी होतास आणि मी भित्री. आपण दोघंही एकाच आईची भित्री पोरं होतो. फरक एवढाच की मला भीती वाटली की मी लांब जायचे आणि तुला वाटली की तू जवळ जायचास.

‘इंजिन कुठं हाय ह्याला?’ मी विचारलं.

‘न्हायच. जीप दोरीनं वडती. वर गेलं की दोरी सोडायची. मग नुसता वारा.’

‘आणि बंद पडलं तर?’

‘बंद पडायला काय हाय त्यात? मोटर न्हाय, पट्टा न्हाय, काय न्हाय.’ मग तू खुर्चीत बसलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, ‘मोटरीचा आवाज लई झाला गं. जन्मभर तेच. आता मला आवाज नसलेलं कायतरी चालवायचं हाय.’

तिथंच मी हरले. तू मला ‘हौस हाय’ म्हणाला असतास तर मी भांडले असते.

पुण्याच्या अलीकडे त्या लहान गावात आपण गेलो. विकणारे लिमये, निवृत्त इंजिनियर, गुडघे गेलेले, काठी टेकत आले. त्यांनीच ते विमान पूर्वी बांधलेलं आणि वर्षानुवर्षं उडवलेलं. दोन सीटा, एकामागे एक. सीटा म्हणजे काय, पट्ट्यांच्या झोळ्या. चारी बाजूंनी उघडं. पायाखाली एक नळी आणि नळीखाली जे असेल ते. मी त्या नळीकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरले.

लिमयांनी विकण्याआधी तुला शिकवायचं कबूल केलं होतं. तो सगळा हिवाळा तू तिकडे खेटे घातलेस. त्यांचा एक जुना विद्यार्थी तुझ्या मागे बसून तुला वर न्यायचा. तू उतरलास की लिमये काठीनं मातीत रेघा ओढून समजावायचे. मी एकदा सोबत आले होते, त्या दिवशी ते म्हणत होते, ‘वेगाचा काटा आहे, पण त्याच्यावर विसंबू नका. कान उघडे ठेवा. वेग असेल तर तारांमधून वारा वाजतो. तो आवाज बारीक झाला, थांबत आला, की समजा वेग संपला. मग पंखाखाली हवा धरत नाही आणि विमान दगडासारखं खाली येतं. आवाज कमी झाला की दांडा लगेच पुढे. नाक खाली. घाबरून मागे ओढलात तर संपलं.’

तू मान हलवलीस. तीच मान.

लिमये थोडा वेळ तुझ्याकडे बघत राहिले. मग तू पाठमोरा असताना त्यांनी हळूच विचारलं, ‘विमान आवडलं का तुम्हाला?’ तू वळलाच नाहीस. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘यांना ऐकू कमी येतं?’

मी हो म्हटलं. आत कुठंतरी बरं वाटलं, की सुटलो, आता हे विकणार नाहीत. ते म्हणाले, ‘मग एकट्याला देणार नाही. मागे कुणीतरी ऐकणारं पाहिजे. आवाज पडला की खांद्यावर थाप मारायची. बस्स.’

तू माझ्याकडे बघितलंस. अण्णा, तू मला ‘ये’ म्हटलं नाहीस. ‘ही माझी धाकटी भैन, लई भित्री हाय,’ एवढंच लिमयांना म्हणालास, जणू माझी सुटका करत होतास. आणि त्यांनी उत्तर दिलं, ‘भित्र्या माणसालाच नीट ऐकू येतं.’

असं मी विमानात बसले. माझ्या इच्छेनं नाही, तुझ्या कानांच्या जागी.

पंख सोडवून टेम्पोत घातले. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं ताडपत्री उचलली. ‘एनु इदु?’ काय आहे हे, म्हणून विचारलं. तू ऐन रुबाबात म्हणालास, ‘विमान री.’ तो इतका हसला की कागद बघायचेच विसरला. मग बसूच्या माळावर, निपाणीच्या पलीकडे. बसू म्हणजे बसवराज, तुझा तंबाखूवाला दोस्त. जीप त्याची, माळ त्याचा, आणि विमान ठेवायला तंबाखूचं गोदामही त्याचंच. सांबऱ्याच्या बाजूला खऱ्या विमानांची ये-जा, तिकडे आपलं काय चालणार? इकडे लाल मुरमाचा सपाट माळ, कडेला उतार, आणि खाली काळ्या जमिनीत तंबाखू. परवानगीसाठी तू ज्या चकरा मारल्यास त्यात माझी एक अख्खी सुट्टी गेली.

पंखाचं कापड तू स्वतः तपासलंस. बोटांनी चाचपत, साडीचा पदर बघायचास तसा, इंच न् इंच. जिथं उसवलं होतं तिथं शिवलंस, आणि लिमयांना व्हिडिओवर दाखवून त्यांच्याकडून पसंत करून घेतलंस. मी विचारलं, ‘टिकंल काय?’ तू म्हणालास, ‘लुगडं फाटलं तर बाई रागावती. हे फाटलं तर रागवायला कोण राहणार न्हाय.’ तुला वाटलं मी हसेन. मी त्या रात्रभर ते वाक्य घेऊन जागी होते.

पहिल्या दिवशी मी बसूला म्हटलं, ‘हळू चालवा.’

‘हळू वडलो तर उडत न्हाय री आक्का,’ तो म्हणाला. ‘काय भ्यायचं न्हाय. मी हाय की खाली.’

खाली असण्याचा काय उपयोग, हे मी विचारलं नाही. दोरी ताणली, हिसका बसला, मुरमाचे खडे उडाले, आणि मग एकदम खडे उडायचे थांबले. माझे डोळे मिटलेले होते. तू पुढं हूक सोडलास तो खट्ट आवाज झाला आणि सगळं थांबलं. मी डोळे उघडले तर माझ्या चपलेच्या खाली बसूची जीप काडेपेटीएवढी.

भीती कशी असते ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण वर तुला ऐकू आलं नसतं आणि खाली आल्यावर लाज वाटायची. पट्टा सुटलेला आहे अशी खात्री व्हायची. हात लावून बघायचे, घट्ट असायचा, हात काढला की पुन्हा खात्री व्हायची, सुटला. आणि त्या सगळ्यात मी ऐकत होते. तारांमधला वारा. जोरात असला की शिट्टीसारखा, मग सुस्कारा, मग पुटपुटल्यासारखा. पुटपुट सुरू झाली की मी तुझ्या उजव्या खांद्यावर थाप मारायची. तू दांडा पुढे करायचास, शिट्टी परत यायची, आणि माझा श्वास परत यायचा. जन्मात मी कशाकडे इतकं लक्ष दिलं नाही, ना माझ्या वर्गाकडे, ना देवाकडे.

आणि तुझं शांतपण. खालून लोकांना तू ताठ बसलेला दिसायचास. मला मागून तुझी मान दिसायची. मानेवर घामाचे ओघळ आणि कानामागची ती शीर उडत असलेली. तूही भ्यायचास, दर वेळी. आपण दोघं कधीच त्याबद्दल बोललो नाही. उतरलो की तू बसूला म्हणायचास, ‘लई भारी,’ आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचास, एका हातात तो हिंदकळायचा म्हणून.

मला तो उन्हाळ्यातला दिवस सांगायचा आहे, कारण तो आपण कधी बोलून संपवला नाही.

ऊन चढलेलं होतं. नांगरलेल्या काळ्या रानावरून गरम हवा वर येत होती, एक घार त्यात पंख न हलवता फिरत होती. तू तिच्या मागे वळलास. आपण वर जायला लागलो. त्याआधी आपण नेहमी चढून लगेच उतरायचो, जसं कुणी पाण्यात पाय बुडवून बाहेर यावं. त्या दिवशी चढतच गेलो. निपाणी अख्खी दिसली, हायवेवरचे ट्रक मुंगळ्यांसारखे, लांब कोल्हापूरकडचं धुरकट. तू पहिल्यांदा मागे वळून बघितलंस. तुझं तोंड लहान पोरासारखं उघडं होतं. त्या क्षणी मी भ्यायचं विसरले, अण्णा. हे मी तुला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर तू मला कधीच सोडलं नसतंस.

मग तू माळाकडे परत वळलास आणि वारा समोरून आला. आपण जागच्या जागी अडकल्यासारखे. माळ जवळ येईना. तू दांडा मागे ओढत होतास, उंची राखायला. आवाज पडला. मी थाप मारली. काही नाही. पुन्हा मारली. मुठीनं मारली. तुझे हात दांड्यावर पांढरे पडले होते आणि तू हलत नव्हतास. पुटपुटही थांबली. इतकी शांतता झाली की खालच्या कुठल्याशा वस्तीवरचं कुत्रं भुंकलेलं मला ऐकू आलं. तारांमध्ये वारा नाही आणि कुत्रं ऐकू येतंय, म्हणजे आपण संपलो, हे मला कळलं, आणि तुला कळलेलं मला दिसलं. तू भीतीनं गोठला होतास.

डावा पंख खाली गेला. सगळी जमीन उभी होऊन माझ्या खांद्याशी आली. मी पट्ट्यात पुढे झुकून, गळा फाटेल इतकं तुझ्या कानात ओरडले, ‘वसंताऽ! फुडं! दांडा फुडं!’

मी तुला जन्मात नावानं हाक मारली नव्हती.

तुझा हात हलला. नाक खाली गेलं, आणि मग तारा किंचाळायला लागल्या. तो आवाज मला इतका गोड लागला की मी मोठ्यानं रडत होते. माळ गाठता आला नाही. तू काढणी झालेल्या तंबाखूच्या रानात उतरवलंस, कापल्या झाडांचे सड सपासप पायाला लागले, चाक मोडलं, आपण आडवे होऊन थांबलो. मी पट्टा सोडून बांधाशी जाऊन ओकले. तू तसाच बसून होतास.

मी जवळ आले तर म्हणालास, ‘मंगे, मला वाटलं आईनं हाक मारली.’

बसू जीप तिथंच सोडून धावत आला. त्यानं आपल्या दोघांच्या अंगावरून हात फिरवला, हाडं मोजल्यासारखा, आणि मग मातीत बसून कन्नडमध्ये देवाला काहीतरी म्हणत राहिला.

त्यानंतर मी म्हटलं, बास. तू म्हणालास, चाक दुरुस्त होऊ दे. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. मग तूच मला खाली मागांपाशी बोलावलंस. माग चालू होते, तू बंद केले नाहीस, मला वाटतं मुद्दामच. आपण ओरडून भांडलो.

‘मला एकदा एकट्याला जायाचं हाय!’

‘ऐकू येतंय का तुला? एकटा कसा जाणार?’

‘मशीन घेतलंय कानाला!’

‘मशीनमधनं वारा नुसता घोंघावतोय म्हणून तूच सांगितलंस!’

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, ‘तुझ्या भीतीचं वजन लई हाय गं मागं. मला दुसरं काय ऐकू येत न्हाय, पण ते ऐकू येतं.’

त्या वाक्यानं मला किती लागलं ते तुला कळलं, कारण तू लगेच माग बंद केलेस. पण वाक्य परत घेतलं नाहीस. आणि मीही म्हटलं ते परत घेतलं नाही, की तू एकटा गेलास तर मी लिमयांना सांगेन आणि बसूची जीप बंद करवेन. त्यानंतरही आपण गेलोच, चाक बसवल्यावर, दिवाळीनंतर, जत्रेच्या आदल्या रविवारी, मी मागे आणि तू पुढे. खूप उंच कधी गेलो नाही. तू दर वेळी उतरल्यावर माळाकडे बघत म्हणायचास, ‘एकदा तरी, मंगे.’ मी ऐकू न आल्यासारखी मान हलवायचे. तुझ्याकडूनच शिकले होते.

आता लोक म्हणतात, जाऊ द्यायचं होतंस, त्याची एवढीच इच्छा होती. अण्णा, मला तसं वाटत नाही. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं. तू एकटा गेला असतास तर त्या शांततेत तुला कुणी हाक मारली असती? पण हे बोलायला समोर माणूस लागतो. तू एकदा ‘तुझं चुकलं’ म्हणायला पाहिजे, मग मी ‘न्हाय’ म्हणायला पाहिजे. मी एकटीच दोन्ही बाजू बोलते आणि दोन्ही बाजूंना रडते.

दवाखान्यात शेवटी तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. दुपारची वेळ, वैनी डबा आणायला घरी गेलेल्या. मी उशाशी, जवळजवळ तुझ्या मागेच बसले होते. मास्कमधून तुझा श्वास येत होता, आधी शिट्टीसारखा, मग सुस्कारा. मला तो चढउतार ठाऊक होता. तो पुटपुटायला लागला तसा माझा हात आपोआप उठला आणि तुझ्या उजव्या खांद्यावर पडला. मी थाप मारली. तू डोळे उघडलेस. पुन्हा आवाज पडला, पुन्हा थाप. नर्स धावत आली, मला बाजूला व्हायला सांगत होती. मी म्हणत होते, ‘दांडा फुडं, अण्णा.’ तिला वाटलं मला भ्रम झाला. तू माझ्याकडे बघत होतास आणि तुला कळत होतं मी काय म्हणतेय ते. एवढं मला मिळालं. भ्यालेला होतास का तू? मला तुझी मान दिसत नव्हती, म्हणून मला कळलं नाही.

तेराव्यानंतर वैनी म्हणाल्या, ‘मला ते बघायचं हाय.’ इतक्या वर्षांत त्या एकदाही माळावर आल्या नव्हत्या. बसूनं गोदामाचं दार उघडलं, तंबाखूचा वास अंगावर आला. त्यानं आणि मी मिळून पंख बाहेर काढले, उन्हात जोडून दाखवले. वैनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

‘एवढंसं?’ त्या म्हणाल्या. ‘मी केवढं मोठं समजून भीत होतो.’

मग त्या जवळ आल्या, तू शिवलेल्या टाक्यांवर बोट फिरवलं. म्हणाल्या, ‘मागं बसून तू काय करत हुतीस गं?’

‘ऐकत होते.’

त्यांना हे ठाऊक नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस, मीही नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, आवाज, थाप, त्या दिवशीची हाक. त्या रागावतील असं मला वाटलं. त्या पुन्हा टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, ‘बरं झालं कुणीतरी होतं.’

विमान लिमयांच्या त्याच विद्यार्थ्याकडे परत गेलं, आता तो तिथल्या पोरांना शिकवतो. टेम्पो निघाला तेव्हा बसूनं जीपचा हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. मला वाटलं आता भीती संपेल. वर जायचं नाही, कुणी वर नाही, भ्यायला काही उरलेलं नाही. तरी रविवारी, आपण माळावर जायचो त्या वारी, पहाटेच जाग आली. पट्टा सुटल्यासारखं वाटलं, हात छातीवर नेऊन बघितला. मी उठून बसले, दिवा लावला, खिडकी उघडली. भीती जात नव्हती. उलट वाढत होती, कारण आता कुठं ऐकायचं ते कळत नव्हतं.

उजाडल्यावर फोन वाजला. वैनी.

‘काय करतीस?’

‘काय न्हाय, वैनी.’

‘झोप लागली न्हाय व्हय?’

‘न्हाय.’

मग म्हणाल्या, ‘मलाबी भ्या वाटतंय. कशाचं ते कळंना. तू ये इकडं.’

मी रिक्षा करून वडगावला गेले. रविवार म्हणून माग बंद होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात फरशीवर बसलो, मध्ये सुपात पावट्याच्या शेंगा, त्या सोलत. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या, शेंगेकडे, पुन्हा घड्याळाकडे. मी विचारलं, भात लावू का? त्या म्हणाल्या, ‘थांब जरा.’ आणि मग खाली बघूनच सांगितलं, की दर रविवारी आपण उतरलो असा बसूचा फोन आल्याशिवाय त्यांनी कधी गॅस पेटवला नाही. तांदूळ धुऊन ठेवायच्या आणि बसून राहायच्या. तुला कधी सांगितलं नाही, तू चिडवलं असतंस म्हणून. तू घरी येऊन ‘अजून भात न्हाय?’ म्हणून कुरकुर करायचास, ती त्या ऐकून घ्यायच्या.

म्हणजे आपण दोघं वर भीत होतो तेव्हा खाली तिसरंही माणूस भीत बसलेलं होतं, अण्णा, आणि तिघांपैकी कुणी कुणाला बोललं नाही.

मी त्यांचा हात धरला. शेंगा संपल्या, तरी आम्ही तशाच बसलो. घरात मागांचा आवाज नव्हता, बोलणं नव्हतं, फक्त आम्हा दोघींचा श्वास होता. मी तो ऐकत होते. वैनींनी पुन्हा एकदा घड्याळाकडे बघितलं आणि लांब सुस्कारा सोडला.

‘आता उतरले असते,’ त्या म्हणाल्या.

मग उठल्या आणि त्यांनी भात लावला.